काळीत घर बांधताना

गावगाड्याच्या जुन्या व्यवहारात जमिनीची मुख्य नावे दोनच होती : काळी आणि पांढरी. पीक देणारी ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात हे शब्द भेटतात, आणि खानदेशातील वयोवृद्ध माणसांच्या बोलण्यात ते आजही कानी पडतात. पांढरी पांढरी का, याचे उत्तर सोपे आहे. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे पडतात, त्यांच्याच मातीवर नवी उभी राहतात, चुलीची राख आणि भिंतीचा चुना त्यांत मिसळत जातो, आणि वस्तीची जागा हळूहळू उंच व पांढुरकी होते. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे पुरातत्त्व खात्याने १९५५ साली उत्खनन केले, तेव्हा अशाच एका पांढरीच्या टेकाडाखाली ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक मिळाले. म्हणजे हजारो वर्षे माणसे त्याच उंचवट्यावर राहत आली, आणि भोवतालची काळी त्यांनी पिकासाठी राखून ठेवली.

या रिवाजात नुसती सवय नव्हती. काळी मोलाची होती म्हणून ती वस्तीखाली गाडावयाची नाही, आणि काळी घराला धार्जिणी नाही म्हणून तिच्यावर घर बांधावयाचे नाही, असे दुहेरी शहाणपण त्यात होते. आज सुरतेत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांपुढील प्रश्न असा की, घर बांधावयास पांढरी शिल्लकच नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली माणसे कापडाच्या धंद्यानिमित्त वसली. पुढे ती गोडादरा, डिंडोलीकडे सरकली. २००६ साली सुरत महानगरपालिकेची हद्द सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ चौरस किलोमीटरवर गेली, आणि २०२० साली ती पुन्हा वाढली. डिंडोली, भेस्तान यांसारखी गावे शहरात आली, आणि त्यांची शेते प्लॉट झाली. बिनशेतीच्या एका हुकमाने कागदावर काळीची पांढरी होते. जमिनीला मात्र तो हुकूम वाचता येत नाही. तिचा स्वभाव काळीचाच राहतो.

काळीत घर बांधणे टळत नसेल, तर ते जमिनीची कमीत कमी नासधूस करून कसे बांधावे, याचा विचार घर बांधणाऱ्या प्रत्येकाने केला पाहिजे. तो केला नाही तर त्याची किंमत आपण व आपले शेजारी दोघेही मोजतो. गेल्या काही पावसाळ्यांनी हे आपल्याला पुरेसे दाखविले आहे.

ही माती आली कोठून

तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्रास मिळते. वाटेत ती सबंध खानदेश ओलांडते. तेथील काळी माती दख्खनच्या काळ्या कातळाची झीज होऊन बनलेली आहे, आणि हजारो पावसाळ्यांत तीच माती गाळ होऊन खाली आली. तेव्हा जळगाव-धुळ्याचा माणूस सुरतेस येण्याच्या कितीतरी आधी जळगाव-धुळ्याची माती येथे येऊन राहिली होती, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक ठरणार नाही. १९७२ साली उकाई धरण पूर्ण झाल्यापासून वरून येणाऱ्या गाळाचा मोठा भाग जलाशयातच बसतो. नदी पूर्वी जी भर घालीत असे ती आता फारशी घालीत नाही. जी माती आहे, तीच आपली पुंजी.

या पुंजीतही खरे मोल वरच्या फूटभर थराचे. पाने कुजून झालेले खत, मुळांचे जाळे, गांडुळे आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव या थरात राहतात. दोन-तीन सेंटिमीटर माती तयार होण्यास निसर्गाला हजार वर्षांपर्यंत काळ लागू शकतो, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे सांगणे आहे. जे.सी.बी.ला तेवढी माती खरवडण्यास एक क्षण पुरतो.

काळीचा स्वभाव

काळ्या मातीतील चिकणमातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि पाणी आटले की आकसते. वैशाखात शेताला पडणाऱ्या हातभर खोल भेगा आणि आषाढात पायाला चिकटणारा चिखल, ही एकाच मातीची दोन रूपे. घराचा पाया या मातीत उथळ असेल, तर तो दरवर्षी किंचित वर उचलला जातो आणि किंचित खाली बसतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी भेग, पावसाळ्यात न लागणारे दार, मधोमध फुगलेली फरशी, ही सगळी त्याचीच लक्षणे. गवंड्याला दोष देण्याआधी मातीकडे पाहावे.

सुरतेची सगळी जमीन एकसारखी नाही. नदीकाठी पोयट्याचे व वाळूचे थर आहेत, समुद्राच्या बाजूस खारी जमीन आहे, आणि पूर्व-दक्षिणेस काळी अधिक. म्हणून शेजाऱ्याच्या घरावरून अंदाज न बांधता आपल्या प्लॉटची परीक्षा करून घ्यावी. ही कल्पना परदेशातून आलेली नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वास्तुभूमीच्या परीक्षा दिल्या आहेत. हातभर खड्डा खणून निघालेली माती त्याच खड्ड्यात परत भरावी. ती उरली तर भूमी उत्तम, कमी पडली तर वाईट. दुसरी परीक्षा अशी की, खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जावे व परत यावे. पाणी कमी झाले नसेल तर भूमी चांगली. आजच्या भाषेत पहिली परीक्षा मातीच्या घट्टपणाची आणि दुसरी पाणी मुरण्याची आहे.

आजची परीक्षाही तितकीच सुटसुटीत आहे. बारीक चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन दोन उंच मापनळ्यांत टाकतात. एकीत पाणी व दुसरीत रॉकेल भरतात आणि चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही; पाण्यात फुगते. दोहोंतील फरक रॉकेलमधील मापाच्या निम्म्याहून अधिक असेल, तर ती माती फार फुगणारी समजावी व पायाचा विचार त्याप्रमाणे करावा. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडून ही परीक्षा आणि जमिनीची वजन पेलण्याची ताकद, दोन्ही लेखी घ्यावीत. घराच्या एकूण खर्चात हा खर्च अगदी किरकोळ असतो.

भर घालण्याचा मोह

सुरतेत घर बांधावयाचे म्हटले की पहिला शब्द निघतो तो ‘पुराण’. गुजरातीत भरावाला हे नाव आहे, आणि आपल्या माणसांच्या तोंडीही ते बसले आहे. प्लॉट सखल आहे, शेजाऱ्याने तीन फूट भर घातली आहे, मग आपणही घालू या, असा हा हिशेब असतो.

या हिशेबातील आकडे मांडून पाहू. १२० वारांचा प्लॉट म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. त्यावर तीन फूट भर म्हणजे दाबून बसलेली सुमारे ९० घनमीटर, अर्थात ३२ ब्रास माती किंवा मुरूम. सैल मोजली तर चाळीस ब्रासच्या घरात. ती कोठल्या तरी शेतातून, तळ्याच्या काठावरून किंवा टेकडीच्या कुशीतून येते, आणि तेथे तेवढाच खड्डा पडतो. इकडे आपल्या प्लॉटवरील जिवंत थर तीन फूट खाली गाडला जातो आणि कायमचा मरतो. एका भरावाने जमिनीला दोन ठिकाणी जखम होते.

तिसरा परिणाम पाण्यावर होतो. सुरतेत वर्षाला सरासरी सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे आपल्या १२० वारांवर वर्षभरात सुमारे १,२०,००० लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे बारा टँकर. पूर्वी ते शेतात साचे, मुरे, सावकाश खाडीत जाई. भर घातल्यावर ते थेट शेजाऱ्याकडे किंवा रस्त्यावर जाते. शेजारी पुढच्या वर्षी आपल्याहून अर्धा फूट जास्त भर घालतो. या चढाओढीत सर्वांत आधी बुडतो तो ज्याच्यापाशी भर घालण्याचे पैसे नाहीत तो.

शहराच्या पूर्व-दक्षिण भागातून वाहणाऱ्या मिठी, भेदवाड, कांकरा या खाड्यांच्या काठी राहणाऱ्यांना हे सांगावयास नको. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून नऊ लाख क्यूसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. १९६८ च्या महापुरानंतर असे संकट शहराने पाहिले नव्हते. पण तो तापीचा पूर होता. जुलै २०२४ आणि जून २०२५ मध्ये लिंबायत, पर्वत पाटिया या बाजूंस जे पाणी शिरले ते खाडीचे. अतिवृष्टीवर आपली सत्ता चालत नाही. खाडीच्या काठची सखल जमीन भरून काढणे आणि खाडीत माती जाऊ देणे, या दोन गोष्टी मात्र माणसांच्या हातच्या आहेत.

येथे एक रास्त शंका निघते. शेजाऱ्यांनी भर घातली आणि आपण घातली नाही, तर आपल्या घरात पाणी येणार नाही काय? येईल, म्हणून उपाय असा की, जमीन न उचलता घर उचलावे. जोते उंच घ्यावे, शक्य तेथे घर खांबांवर घेऊन खालची जागा वाहनांसाठी मोकळी ठेवावी. २००६ साली आपल्या गल्लीत पाणी कोठवर चढले होते, ते जुन्या रहिवाशांना विचारून जोत्याची उंची ठरवावी. भर जोत्याच्या भिंतींच्या आतच, जरूर तेवढी घालावी. अंगण मूळ पातळीवर राहू द्यावे. रस्त्याचेही तेच. जुना थर न खरवडता दरवेळी नवा डांबराचा थर चढविला की रस्ता घरांहून उंच होतो. आधी खरवडून मग डांबर घाला, अशी मागणी सगळ्या सोसायटीने मिळून महापालिकेकडे केली, तर ती एकट्याच्या अर्जापेक्षा अधिक ऐकली जाईल.

वरची फूटभर माती

काम सुरू होण्यापूर्वी वरची फूटभर माती वेगळी काढून ठेवणे, हा या सर्व विषयातील सर्वांत सोपा व सर्वांत दुर्लक्षित उपाय होय. १२० वारांवर ती सुमारे ३० घनमीटर, म्हणजे दहा-अकरा ब्रास भरते. वजनाने चाळीस टनांच्या आसपास. ठेकेदार ती पायाच्या खालच्या पिवळ्या-करड्या मातीत मिसळून डंपरने पाठवून देतो, आणि घर झाल्यावर आपण कुंड्यांसाठी व बागेसाठी माती विकत आणतो.

माती कोरडी असताना काढावी. तिचा ढीग पुरुषभर उंचीपेक्षा जास्त करू नये. फार उंच ढिगात आतल्या जिवांना हवा मिळत नाही. ढीग पाण्याच्या वाटेपासून व सिमेंट कालविण्याच्या जागेपासून दूर असावा. काम महिन्याभराचे असेल तर ताडपत्री पुरे. पावसाळा मध्ये येणार असेल तर ढिगावर ताग किंवा मूग टाकावा, म्हणजे मुळे माती धरून ठेवतात. काम संपल्यावर ती अंगणात, वाफ्यांत पसरावी.

प्लॉट चाळीस-पन्नास वारांचा आणि भिंतीला भिंत लागलेला असेल, तर ढीग करावा कोठे, हा प्रश्न पडेल. अशा सोसायट्यांतून बहुधा ‘कॉमन प्लॉट’ असतो. सर्वांची वरची माती तेथे एका कडेला ठेवता येते आणि पुढे त्याच जागी झाडे लावण्यास ती कामी येते. अनेक सोसायट्यांत हा कॉमन प्लॉट अखेर राडारोड्याचा उकिरडा होतो, त्यापेक्षा हे बरे.

पाया : कमी खणून अधिक भक्कम

काळीत खोल व रुंद चर खणून पाया भरणे, ही जुनी पद्धत. भिंतींची लांबी एकूण पन्नास मीटर धरली आणि चर तीन फूट रुंद व पाच फूट खोल घेतला, तर जवळजवळ २४ ब्रास माती बाहेर निघते. ती टाकावयाची कोठे, हा प्रश्न आणि इतके करूनही पाया फुगणाऱ्या थरातच राहतो, ही खंत.

रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने या मातीसाठी १९५० च्या दशकापासून एक वेगळा पाया विकसित केला. त्यात सुमारे एक फूट व्यासाची भोके साडेतीन मीटर किंवा अधिक खोल पाडतात, आणि प्रत्येक भोकाच्या तळाशी खास अवजाराने अडीचपट रुंद घुमटासारखी पोकळी कोरतात. मग त्यात लोखंडी सळ्यांचा सांगाडा सोडून काँक्रीट भरतात. झाडाचे मूळ खाली जाऊन फुगावे तसा हा खांब खालच्या, ओल न बदलणाऱ्या थरात घट्ट बसतो. आपल्याकडील काळीत साडेतीन मीटरच्या खाली ओलीचा फेर फारसा होत नाही, म्हणून ही खोली. खांबांवर आडवी तुळई घेतात आणि तिच्याखाली सुमारे आठ सेंटिमीटर फट ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी तुळईला ढकलत नाही. एक-दोन मजली घराला असे पंधरा खांब लागले, तरी निघणारी माती दोन ब्रासच्या आसपास. खांब किती, केवढे व किती खोल, हे मात्र मातीचा अहवाल पाहून अभियंत्यानेच ठरवावे.

दुसरा उपाय मुंबईच्या आय.आय.टी.चे प्राध्यापक आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आला. न फुगणाऱ्या पण चिकट अशा मातीचा सुमारे मीटरभर थर नीट दाबून बसविला, तर खालच्या काळीचे फुगणे आवरले जाते, असे त्यांनी दाखवून दिले. काळ्या जमिनीतून जाणाऱ्या कालव्यांच्या कामी हा उपाय उपयोगी पडला. घराच्या बाबतीत तो फरशीखाली, जोत्याच्या आत वापरता येतो. तेथेही मुरूम जरूर तेवढाच आणावा. तो ज्या टेकडीतून येतो तीही जमीनच आहे.

काम चालू असता

शेतकरी घरातील माणसांना एक गोष्ट ठाऊक असते की वाफसा नसताना काळीत पाऊल घालू नये. ओल्या काळीवरून ट्रक गेला की मातीतील हवा-पाण्याच्या वाटा दाबून बंद होतात, आणि मग कित्येक वर्षे तेथे ना पाणी मुरते, ना झाड धरते. म्हणून पायाचे काम दिवाळीनंतर काढावे आणि मृगापूर्वी जोत्यावर आणावे. वाहनांना आत येण्याची एकच वाट आखून द्यावी; तीवर खडी टाकावी. विटा, रेती, सळई यांची जागा पुढे जेथे बांधकाम किंवा फरसबंदी होणारच आहे तेथे नेमावी. उरलेल्या जागेला दोरी बांधून ती बंद करावी. एवढे केल्याने निम्मी जमीन तरी शाबूत राहते.

सिमेंट कालविण्याची जागा एकच असावी आणि तिच्याखाली जाड प्लॅस्टिक अंथरावे. थापी, घमेली, मिक्सर धुतलेले पाणी फार क्षारधर्मी असते. ते जेथे रोज ओतले जाते तेथील गांडुळे मरतात व पुढे गवतही नीट उगवत नाही. ते प्लॅस्टिक घातलेल्या खड्ड्यात साठवावे, निवळू द्यावे, आणि वाळलेला गाळ राडारोड्यात टाकावा. रंग, थिनर व वॉटरप्रूफिंगची औषधे यांचे डबे मातीत पुरू नयेत.

रेतीचा ढीग रस्त्यावर, गटाराच्या तोंडाशी ओतण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. एक जोराची सर आली की ती रेती गटारात, गटारातून खाडीत जाते, आणि खाडी तेवढी उथळ होते. प्लॉटच्या उताराच्या कडेला वीतभर उंचीचा मातीचा बांध घालावा आणि पाण्याच्या तोंडाशी खडी भरलेला लहान खड्डा करावा. पाणी जाईल, माती अडेल. खर्च म्हणाल तर एका मजुराचा अर्धा दिवस.

प्लॉटवर कडुनिंब, आंबा असे जुने झाड असेल तर नकाशा काढण्यापूर्वीच अभियंत्याला ते दाखवावे. झाडाचा पसारा जेवढा, तेवढ्या वर्तुळात खणू नये, भर घालू नये, विटा रचू नयेत. बुंध्याभोवती दोन फूट माती चढविली तरी मुळे गुदमरतात आणि झाड दोन-तीन वर्षांत वाळते. तोवर ते कशाने वाळले, हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

दुसऱ्याच्या शेतातील माती

आपल्या प्लॉटवरील माती जपली, तरी घर उभे राहते ते पुष्कळदा दुसऱ्याच्या मातीवर. एका भाजक्या विटेला तीन-साडेतीन किलो माती लागते. मध्यम घराला वीस हजार विटा धरल्या, तर साठ-सत्तर टन माती होते. आपल्या सबंध प्लॉटवरच्या फूटभर थराच्या दीडपट. ती बहुधा शेतांतून, आणि तीही वरच्या थरातूनच निघते. अडचणीत आलेला शेतकरी एका हंगामाच्या पैशांसाठी आपल्या शेताचे कातडे विकतो. आपल्यापैकी ज्यांची गावी थोडीबहुत शेती आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ रोजी अधिसूचना काढून औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरात विटा-ठोकळ्यांसाठी राखेचा वापर बंधनकारक केला, त्यामागे जमिनीचा वरचा थर वाचविणे हाही एक स्पष्ट हेतू होता. आरंभी ५० किलोमीटरची असलेली ही मर्यादा पुढे वाढत गेली. सुरतेत राखेच्या विटा व हलके ठोकळे सहज मिळतात. त्या घेताना कडा सरळ आहेत ना, पाण्यात टाकल्यावर विरघळत नाहीत ना, एवढे पाहून घ्यावे आणि निर्मात्याकडून ताकदीचा दाखला मागावा.

जुने घर पाडून नवे बांधणाऱ्यांनी राडारोडा खाडीच्या काठी किंवा रिकाम्या प्लॉटवर टाकू देऊ नये. ठेकेदार ‘लावतो विल्हेवाट’ म्हणतो तेव्हा ती कोठे लावणार, हे विचारावे. २०१६ साली या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम झाले, २०२५ मध्ये त्यांची नवी आवृत्ती निघाली, आणि सुरत महापालिकेने कोसाड येथे राडारोडा दळून त्याचे ठोकळे करण्याचा प्रकल्प उभारला. जुन्या घराचा साग, फरशा, अखंड विटा, दारे-खिडक्या आधी नीट उतरवून घेतल्या, तर दळावयास फारसे उरतही नाही.

अंगण उरू द्यावे

घर झाले की उरलेली जागा कडेपर्यंत फरशीने मढविण्याची हौस असते. काळीच्या बाबतीत येथे जरा तारतम्य हवे. भिंतीला लागून चार-पाच फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी अवश्य करावी, कारण पायाजवळ पाणी मुरले की तेथील काळी फुगते. त्यापलीकडची जमीन मात्र उघडी ठेवावी. छपराचे पाणी पायापासून दूर नेऊन शोषखड्ड्यात सोडावे. काळीत पाणी फार सावकाश मुरते, म्हणून नुसता उथळ खड्डा लवकर भरून वाहू लागतो. खालच्या वाळूच्या थरापर्यंत जाणारी, खडी-वाळूची गाळणी असलेली विहीर खरी उपयोगी. एकट्याला ती परवडत नसेल तर कॉमन प्लॉटवर सर्वांची मिळून एक करावी.

वड, पिंपळ यांसारखी मोठी झाडे घरापासून निदान आपल्या पूर्ण वाढीच्या उंचीइतकी दूर लावावीत. त्यांची मुळे उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढून घेतात आणि माती आकसते. जवळ लावावयाची तर तुळस, जास्वंद, कढीपत्ता, फार तर शेवगा.

ठरावात काय लिहावे

तोंडी सूचना पहिल्या आठवड्यात विसरल्या जातात. ठेकेदाराशी कागद करतानाच पुढील गोष्टी त्यात घालाव्यात : वरची फूटभर माती वेगळी काढून प्लॉटवर किंवा ठरलेल्या जागी ठेवणे, वाहनांची एकच वाट, सिमेंट कालविण्याची व धुण्याची एकच जागा, गटाराच्या तोंडाशी रेती न ओतणे, झाडाभोवतीचे वर्तुळ, राडारोडा व जादा माती कोठे गेली याची पावती. शेवटच्या हप्त्यातील थोडी रक्कम या कलमांवर राखून ठेवावी. बिल्डरच्या योजनेत घर घेणाऱ्यांनी हेच प्रश्न बुकिंगच्या वेळी विचारावेत. दहा जणांनी विचारले तर अकराव्याच्या वेळी उत्तर तयार असते.

भूमिपूजनाच्या दिवशी आपण पहिली कुदळ मारण्याआधी भूमीची क्षमा मागतो. त्याच दिवशी, गुरुजी येण्यापूर्वी, घरच्या कर्त्या माणसाने मिस्त्रीला सोबत घेऊन प्लॉटभर एकदा हिंडावे आणि माती कोठे ठेवावयाची, गाडी कोठून यावयाची, कोठे कोणी पाऊल ठेवावयाचे नाही, हे चुन्याच्या रेघांनी आखून द्यावे. दिवाळीनंतर पुष्कळ घरांची कामे निघतील. ज्यांच्याकडे ती निघणार आहेत त्यांनी मातीची परीक्षा नवरात्राच्या आत करून घेतली, म्हणजे अभियंत्याला पायाचा विचार करण्यास वेळ मिळेल आणि मृगाच्या आत जोते वर येईल.